मदरबोर्डवरचा दिवा लागतो, पण पंखे क्षणभर फिरून थांबतात: दोष एसएमपीएसच्या जोडणीत असेल का?

प्रश्न : नवी_जुळणी

सुटे भाग आणून संगणकाची जुळणी पूर्ण केली आहे. मदरबोर्डचा २४ पिनांचा मुख्य कनेक्टर, प्रोसेसरजवळचा ८ पिनांचा कनेक्टर आणि कॅबिनेटच्या पुढच्या पॅनेलच्या तारा जोडल्या आहेत. स्वतंत्र ग्राफिक्स कार्डही बसवले आहे. एसएमपीएसच्या (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) मागचे बटण चालू करताच मदरबोर्डवरचा छोटा दिवा लागतो, त्यामुळे वीज बोर्डापर्यंत व्यवस्थित पोहोचते आहे असे मी धरून चाललो आहे. मात्र कॅबिनेटचे बटण दाबले की पंखे जेमतेम अर्धा सेकंद फिरतात आणि सगळे थांबते. त्यानंतर एसएमपीएस मागून बंद करून थोड्या वेळाने पुन्हा चालू केल्याशिवाय बटणाला कोणताही प्रतिसाद मिळत नाही. ८ पिनांच्या सॉकेटशेजारी ४ पिनांचे आणखी एक सॉकेट रिकामे आहे. दोष त्यात असेल का, की एसएमपीएस बदलून घ्यावा?

उत्तर : तारजोड

त्या दिव्यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नका. एसएमपीएस मागून चालू केल्यावर बोर्डाला फक्त ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा मिळतो, जो २४ पिनांच्या कनेक्टरमधल्या ९ क्रमांकाच्या पिनेतून येतो. १२ व्होल्टचा मुख्य पुरवठा बटण दाबल्यानंतरच सुरू होतो: बोर्ड १६ क्रमांकाची पिन ग्राउंडला जोडतो, एसएमपीएस जागा होतो आणि सर्व व्होल्टेज स्थिरावल्यावर ८ क्रमांकाच्या पिनेवरून ‘सगळे ठीक’ असा संकेत बोर्डाला देतो. तुमच्याकडे पंखे क्षणभर का होईना फिरतात, म्हणजे बटण आणि त्याच्या तारा ठीक आहेत. या दोन तारा उलट जोडल्या तरी बिघडत नाही, उलटसुलटीचा प्रश्न फक्त दिव्यांच्या तारांचा असतो.

आता ४ पिनांच्या रिकाम्या सॉकेटबद्दल. नेहमीच्या वापरात ते रिकामे राहिले तरी चालते. जास्त वीज खाणारे प्रोसेसर ओव्हरक्लॉक करणाऱ्यांसाठी (म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणाऱ्यांसाठी) ती अतिरिक्त सोय असते. याउलट ८ पिनांची प्रोसेसरची केबल पूर्णपणे विसरली गेली, तर बहुतेक बोर्डांवर पंखे फिरत राहतात आणि पडदा काळा राहतो. तुमचे लक्षण वेगळे आहे. अर्ध्या सेकंदात सगळे बंद पडणे आणि मागचे बटण बंद करेपर्यंत पुन्हा न उठणे, हे एसएमपीएसच्या संरक्षक यंत्रणेचे नेहमीचे वागणे आहे. कुठेतरी शॉर्ट आहे आणि तो ओळखून एसएमपीएस स्वतःला बंद करून घेतो आहे, असे मला वाटते. तसे असेल तर तो त्याचे काम चोख करतो आहे, बदलण्याची घाई करू नका. तसेच सारखे सारखे बटण दाबून पाहू नका.

सर्वांत आधी ८ पिनांची केबल नीट पाहा. प्रोसेसरची केबल ४+४ अशी विभागते, ग्राफिक्स कार्डची ६+२ अशी. दोन्हींत १२ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्या जागा उलट असतात: प्रोसेसरच्या कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या चार पिना खिट्टीच्या बाजूला असतात, तर ग्राफिक्सच्या कनेक्टरमध्ये खिट्टीच्या बाजूला ग्राउंड असते. खाचांचे आकार वेगळे ठेवले आहेत ते याचसाठी. तरीही जोर लावून चुकीची केबल आत घुसवता येते आणि मग सरळ शॉर्ट होतो.

उत्तर : मल्टिमीटर_हाती

वरील उत्तराशी सहमत आहे. एक पुरवणी: एसएमपीएस मॉड्युलर (केबली सुट्या काढता येणारा) असेल आणि केबली जुन्या एसएमपीएसच्या वापरल्या असतील, तर त्या लगेच काढा. बोर्डाकडच्या टोकाची रचना ठरलेली असते, पण एसएमपीएसकडच्या टोकाची नसते. तिथे प्रत्येक उत्पादक, आणि कधीकधी एकाच उत्पादकाची दोन मॉडेलेही, पिनांचा क्रम वेगळा ठेवतात. केबल सहज बसते आणि भलत्याच ठिकाणी १२ व्होल्ट पोहोचतात.

केबली योग्य असतील तर बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. त्यावर प्रोसेसर, त्याचा पंखा आणि रॅमची एकच पट्टी एवढेच असू द्या. ग्राफिक्स कार्ड, डिस्क, यूएसबीच्या तारा, सगळे दूर. बटणाच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचे टोक क्षणभर टेकवून बोर्ड सुरू करा. असा चालला तर एकेक भाग वाढवत जा, आणि प्रत्येक वेळी आधी मुख्य वीज पूर्ण बंद करा. एसएमपीएसचे झाकण मात्र कोणत्याही परिस्थितीत उघडू नये, कारण आतले कपॅसिटर वीज काढल्यानंतरही भारलेले राहू शकतात.

२४ पिनांच्या कनेक्टरमध्ये हिरवी आणि काळी तार जोडून एसएमपीएस तपासण्याची युक्ती कोणीतरी सुचवेलच. तिच्यातून तो सुरू होतो एवढेच कळते. भार पडल्यावर १२ व्होल्टची पातळी ११.४ ते १२.६ या मर्यादेत राहते का, हे कळत नाही.

नवी_जुळणी

दोघांचेही आभार. केबली याच एसएमपीएसच्या आहेत आणि प्रोसेसरची केबल ४+४ प्रकारचीच निघाली. बोर्ड खोक्यावर ठेवून सुरू केला, तर पंखा न थांबता फिरत राहिला. मग रिकाम्या कॅबिनेटकडे लक्ष गेले. त्यात आधीपासून बसवलेल्या पितळी स्टँडऑफपैकी (बोर्ड ज्यांवर टेकतो त्या छोट्या खांबांपैकी) एक अशा जागी आहे, जिथे माझ्या बोर्डाला छिद्रच नाही. बोर्डाच्या मागच्या बाजूला तिथेच बारीक ओरखडा दिसतो. तो स्टँडऑफ काढून बोर्ड परत बसवल्यापासून संगणक बंद पडत नाही. आता अडचण अशी, की बोर्डावरचा रॅमचा सूचक दिवा पेटून राहतो आणि पडद्यावर काही येत नाही. रॅम डीडीआर५ आहे, दोन पट्ट्या आहेत. ओरखड्याने बोर्ड गेला असेल का?

उत्तर : तारजोड

छिद्र नसलेल्या जागी आलेला स्टँडऑफ सोल्डरच्या टोकांना टेकून त्यांना ग्राउंडशी जोडतो, त्यामुळे शॉर्टचा उगम सापडला असे म्हणता येईल. केवळ ओरखड्यावरून बोर्ड बाद ठरवू नका. खालच्या तांब्याच्या रेषा तुटलेल्या नसतील तर वरचा थर खरवडल्याने काही होत नाही.

रॅमच्या दिव्याबद्दल आधी थोडा धीर धरा. डीडीआर५ असलेला बोर्ड पहिल्यांदा सुरू होताना मेमरीची वेळगणिते जुळवून घेतो आणि त्यात कित्येक मिनिटे जाऊ शकतात. मधेच बंद केल्यास ते काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. पंधरा मिनिटांनंतरही दिवा तसाच असेल, तर वीज बंद करून पट्ट्यांच्या जागा पाहा. चार खाचा असलेल्या बहुतेक बोर्डांवर दोन पट्ट्या प्रोसेसरपासून मोजल्यास दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत जातात. खिट्टी बसल्याचा आवाज येईपर्यंत दोन्ही टोकांना दाब द्या.

उत्तर : मल्टिमीटर_हाती

तरीही न जमल्यास एकच पट्टी दुसऱ्या खाचेत ठेवून सीमॉस रिसेट करा (म्हणजे बोर्डात साठवलेली सेटिंग मूळ स्थितीत आणा). मॉनिटरची केबल मदरबोर्डला नव्हे, ग्राफिक्स कार्डाला जोडलेली आहे ना, आणि कार्डाची स्वतःची ६+२ केबल परत लावली आहे ना, तेही पाहून घ्या.

नवी_जुळणी

काही मिनिटे थांबल्यावर दिवा आपोआप विझला आणि बायॉसचा (बोर्डातल्या मूळ सेटिंगचा) पडदा आला. दोन्ही पट्ट्या ओळखल्या गेल्या आहेत, १२ व्होल्टची नोंद १२.०९ दिसते आहे. रॅमचा वेग अजून मूळ पातळीवरच आहे. ऑपरेटिंग सिस्टीम टाकून झाल्यावर तो वाढवून पाहीन.