मदत हवी आहे: सांगली-मिरज-साताऱ्याकडे जुना कॅसेटचा व्हिडिओ गेम आणि डब्बा टीव्ही कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी,

मी सांगलीच्या गावभागातला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा तळमजल्यावरचं सगळं गेलं. टीव्हीखालच्या कपाटातला आमचा व्हिडिओ गेमही. चिखल उपसताना तो हाताला लागला होता, पण त्या दिवसांत कुणाचं लक्ष असणार? बाकी सामानाबरोबर तोही ट्रॉलीत गेला.

गेल्या महिन्यात माळा आवरताना डब्यात कॉन्ट्रा या दोघांनी खेळायच्या गेमची पिवळी कॅसेट निघाली. स्टिकर अर्धा उखडलेला, त्यावर दादाने पेनाने काढलेली खूण अजून आहे. पहिला रिमोट कायम दादाचा, म्हणजे निळी पँट त्याची, लाल माझी. धबधब्याच्या लेव्हलला एक जण पुढे चढला की स्क्रीन वर सरकते आणि खाली राहिलेला मरतो. दादा प्रत्येक पायरीवर माझ्यासाठी थांबायचा. दिवाळीला तो येतोय. तोवर ही कॅसेट चालू व्हावी एवढीच इच्छा आहे.

शनिवारच्या बाजारात दोनदा फिरलो, चार्जर आणि टीव्हीचे रिमोट ढीगभर, गेम नाही. पुण्याच्या जुन्या बाजारातही एक रविवार घालवला. ऑनलाइन जे बघितले त्यांत गेम आतच भरलेले, कॅसेटला खाचच नाही. परदेशातून एनईएस (निन्टेंडोचा तिकडचा गेम) मागवूनही उपयोग नाही, कारण त्याच्या कॅसेटला ७२ पिना लागतात. आपल्याकडचे गेम निन्टेंडोच्याच १९८३ च्या जपानी फॅमिकॉमच्या नकला, त्यांना ६०. भिंग घेऊन मोजलं, माझ्या कॅसेटला एका बाजूला ३० आहेत, म्हणजे दोन्ही मिळून ६०.

आता मिरजेत एका भंगारवाल्याकडे एक सापडलाय. ४०० म्हणतोय. अडॅप्टर नाही आणि एका रिमोटची वायर तुटलेली. मोबाईलचा टॉर्च मारून खाचेत बघितलं तर पिनांच्या मुळाशी वाळलेल्या गाळाची बारीक रेघ दिसली. म्हणजे हाही पुरातलाच असावा. स्क्रू गंजलेत. असा गेम कुणी जिवंत केलाय का? आयसोप्रोपिल अल्कोहोलने पिना स्वच्छ होतील, पण आत बोर्डवर काळ्या डांबरासारख्या थेंबाखाली चिप असते, तिथे पाणी शिरलं असेल तर संपलंच ना?

अडॅप्टरचीही धास्ती आहे. मूळ फॅमिकॉमला १० व्होल्ट, पिनेच्या आत निगेटिव्ह. नकलांचा भरवसा नाही आणि या गेमवर काही छापलेलं नाही. उघडून ७८०५ रेग्युलेटरच्या (व्होल्टेज ५ वर आणणारा भाग) मधल्या पायापासून मल्टिमीटरने ग्राउंड शोधायचा विचार आहे. बरोबर आहे का?

आणि डब्बा टीव्ही. कॉन्ट्रा एलईडीवर चालेल, पण भंगारवाल्याकडे त्या गेमची गनही आहे आणि बदकांचा गेम दादाचा जीव की प्राण. ट्रिगर दाबल्यावर क्षणभर स्क्रीन काळी होऊन बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, तो गन टिपते. एलईडीवर चित्र उशिरा उमटतं, त्यामुळे नेम लागतच नाही. सातारा, कऱ्हाड, इस्लामपूर, विटा, कुठेही कुणाच्या माळ्यावर चालू स्थितीतला १४ इंची असेल तर मी गाडी घेऊन येतो, योग्य ते पैसे देतो.

भंगारवाल्याने शनिवारपर्यंत तो गेम बाजूला ठेवलाय. त्याआधी कुणी सांगितलं तर फार बरं होईल.