कार्डाची किमान रक्कम भरत राहावी का?

सी-७०३ : सर्वांना नमस्कार. विषय घरगुती आहे, पण दोन वर्षे गप्प राहून काही साधले नाही, म्हणून इथे विचारते. क्रेडिट कार्डाची किमान देय रक्कम दरमहा भरूनही आमची थकबाकी जागची हलली नाही. गेले तीन महिने तेवढेही जमले नाही, तर आता ‘निम्म्यात सेटलमेंट करा’ असे फोन येत आहेत. होकार द्यावा का?

बी-४०२ : ताई, यात संकोच नको, मीही या चक्रातून गेलो आहे. घराचे रंगकाम आणि त्याच वर्षीचा गणपती यांत माझ्या कार्डावर १,२०,००० रुपये चढले होते. महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज ४,२०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ७५६ रुपये, म्हणजे किमान रक्कम म्हणून भरलेल्या ६,००० रुपयांतून मुद्दलात जेमतेम १,०४४ रुपये जात. शिवाय मागील बाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नसल्याने, कासारवडवलीच्या नाक्यावरून आणलेल्या तांदळावरही त्याच दिवसापासून व्याज सुरू होई. हे मला तब्बल आठ महिन्यांनी समजले, कारण स्टेटमेंटचे पहिले पान सोडून पुढे मी कधी वाचलेच नव्हते.

शेवटी ऑफिसच्या पतसंस्थेतून वार्षिक ११ टक्क्यांनी दोन वर्षांचे कर्ज काढून कार्ड एकरकमी फेडले. हप्ता ५,६०० रुपयांच्या आत बसला, म्हणजे पूर्वी भरत होतो त्याहून कमीच. जामीनदार मात्र दोन लागले. त्यांपैकी एका सहकाऱ्याने जेवणाचा डबा बाजूला सारून, कागद न वाचताच सही केली. ती सही मागणे मला व्याजापेक्षा जड गेले होते. पतसंस्था नसेल, तर सोनेतारणाचा दर तरी विचारून पाहा.

ए-२०४ : बँकेत आयुष्य गेले, म्हणून दोन शब्द. निम्म्यात मिटवल्यास सिबिलच्या, म्हणजे प्रत्येकाच्या कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या संस्थेच्या, नोंदीत ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि पुढे गृहकर्ज मागताना तो आडवा येतो. त्यामुळे कोठूनही पैसे उभे राहणे शक्य नसेल, तरच तो मार्ग धरावा आणि तेही बँकेचे लेखी पत्र हाती आल्यावर; फोनवरील शब्दावर एक रुपयाही भरू नये. वसुलीसाठी सकाळी आठपूर्वी किंवा संध्याकाळी सातनंतर फोन करण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, तेव्हा अवेळी आलेल्या फोनांची नोंद ठेवा. पूर्ण फेड झाल्यावर कार्ड बंद करण्याचा अर्जही लेखी द्या. कार्डावर थकबाकी नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करायचे असते. उशीर झाल्यास दिवसाला ५०० रुपये तिने ग्राहकाला द्यायचे असतात. हे बँका आपणहून क्वचितच सांगतात!

सी-७०३ : काका, मनापासून आभार. ह्यांच्या कंपनीत पतसंस्था आहे, पण कर्जासाठी तिथे जाण्याचे कधी सुचलेच नाही. उद्या संध्याकाळी आम्ही दोघे आपल्याकडे आलो तर चालेल का?

ए-२०४ : आठनंतर या. गेल्या सहा महिन्यांची स्टेटमेंट आणा, सगळ्या पानांसकट.