टॉग रणगाडा 'फुकट गेला' म्हणणाऱ्यांसाठी

तोफखाना:
दुसऱ्या महायुद्धातल्या फसलेल्या रणगाड्यांवर परवा इथे एक लेख आला. त्यात टॉग या ब्रिटिश अवजड रणगाड्याच्या वाट्याला दोनच ओळी: "पहिल्या महायुद्धातल्या म्हाताऱ्यांचा हट्ट. ८० टन पोलाद फुकट." वाचून डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा.

स्टर्न, स्विंटन, ट्रिटन, विल्सन, डेनकोर्ट, रिकार्डो. १९१५-१६ मध्ये रणगाडा ही चीज ज्यांनी उभी केली, ती ही माणसं. १९३९ मध्ये त्यांचीच समिती करून त्यांना पुन्हा बोलावलं, तेव्हा लढाई तटबंदी आणि खंदकांत अडकणार असंच धरून चालले होते. तोफगोळ्यांनी नांगरलेला चिखल आणि रुंद खंदक ओलांडायचा तर गाडा लांब हवाच. म्हणून दुसऱ्या नमुन्याची, म्हणजे टॉग-२ ची लांबी १०.१३ मीटर. फ्रान्स पडला जून १९४० मध्ये, खंदकांच्या लढाईचा हिशेबच संपला, आणि लिंकनच्या फॉस्टर कारखान्यातून टॉग-१ निघाला ऑक्टोबरात. यात त्यांचा दोष काय?

आणि फुकट कसं? १७ पौंडी तोफ (रणगाडे फोडणारी मोठी तोफ) चढवलेला पहिला ब्रिटिश रणगाडा टॉग-२ आहे. स्टोदर्ट अँड पिट कंपनीच्या त्या टरेटवरूनच (तोफेच्या फिरत्या बुरुजावरूनच) पुढे त्याच युद्धातल्या चॅलेंजर रणगाड्याचं टरेट आलं.

गिअरपेटी:
असहमत. जून १९४० पर्यंत दोष नव्हता, हे कबूल. नंतर होता. टॉग-२ पहिल्यांदा चालला मार्च १९४१ मध्ये, म्हणजे फ्रान्स पडून नऊ महिन्यांनी. त्याच वर्षी जूनमध्ये व्हॉक्सहॉल कारखान्यातून चर्चिल रणगाडे निघू लागले. सुरुवातीच्या चर्चिलला ढीगभर रोग होते, पण ३९ टनांना ३५० अश्वशक्ती, म्हणजे टनामागे ९. टॉगला ८० टनांना ६००, म्हणजे साडेसात. चर्चिलचं समोरचं चिलखत १०२ मि.मी., टॉगचं जाडात जाड ७६. दुप्पट वजन वाहून चिलखत कमी! सगळं पोलाद त्या लांबलचक बाजू झाकण्यातच संपलं.

शेडवाला:
आधी टन ठरवा. टॉगचे ८० टन हे ब्रिटिश लाँग टन, म्हणजे ८१.३ मेट्रिक. जर्मनांच्या फर्डिनांड गाड्याचे ६५ मेट्रिक. मराठीतल्या प्रत्येक तक्त्यात हे दोन्ही एकाच रकान्यात कोंबलेले असतात. वर्षानुवर्षं सांगतोय, कोणी दुरुस्त करत नाही.

टॉगमधली खरी मोलाची गोष्ट तर दोघांनीही सोडली. पॅक्समन-रिकार्डो व्ही-१२ डिझेल इंजिन जनरेटर फिरवतं आणि विजेच्या मोटरी पट्टे (चाकांभोवतीच्या पोलादी साखळ्या) ओढतात. क्लच नाही, गिअर बदलणं नाही. जनरेटरचं फील्ड (चुंबकीय क्षेत्र) कमी-जास्त केलं की व्होल्टेज बदलतं आणि मोटरचा वेग बदलतो. थांबलेल्या अवस्थेतून पूर्ण टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. आपल्या रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिनाने याच तत्त्वावर कित्येक वर्षं मालगाड्या ओढल्या.

गिअरपेटी:
लोकोची (रेल्वे इंजिनाची) तुलना चालणार नाही. रुळावर पोलादावर पोलाद फिरतं, टनामागे रोध काही किलोंचा. चिखलात तोच वजनाच्या दहा टक्क्यांवर जातो. टॉगला ८ टन ओढ लागली, तर १४ कि.मी. वेगाला चारशेहून जास्त अश्वशक्ती नुसत्या सरळ जाण्यात संपते. जनरेटर ९० टक्के, मोटर ९० टक्के धरा. ६०० मधले पट्ट्यापर्यंत पोचतात ४८५. वळायला उरतात जेमतेम सत्तर.

शिवाय लोकोला वळावं लागत नाही, रूळ वळवतात. पट्ट्याचा गाडा वळताना बाहेरची मोटर दोन्ही बाजूंचा भार ओढते, तोही कमी वेगात. करंट दुप्पट झाला की वाइंडिंगमधली (मोटरच्या तारांच्या गुंडाळ्यांमधली) उष्णता चौपट. पंखा मोटरच्याच शाफ्टवर असेल तर नेमका तेव्हाच तो मंद फिरतो. टॉग-१ ची वीजयंत्रणा टिकली नाही आणि तिच्या जागी हायड्रॉलिक कपलिंग (तेलातून शक्ती पोचवणारी जोडणी) घालावी लागली. टॉग-१ए म्हणतात तो हाच.

शेडवाला:
अर्धीच गोष्ट सांगू नका. टॉग-२ मध्ये वीजच ठेवली, जोड जनरेटर घातले, आणि तिथे तशी तक्रार आली नाही. म्हणजे दोष तत्त्वात नव्हता, क्षमता कमी धरण्यात होता. आणि पंख्याचं म्हणाल तर लोकोत ट्रॅक्शन मोटरला वेगळा ब्लोअर असतो, मोटर उभी असली तरी हवा चालू. उपाय माहीत आहे. माहीत असलेल्या उपायाला 'जमतच नाही' म्हणणं हा वीजवाल्यांवर कायमचा अन्याय आहे.

गिअरपेटी:
अन्याय वगैरे काही नाही. मार्च १९१७ मध्ये इंग्लंडात ओल्डबरीला रणगाड्यांना शक्ती पोचवण्याचे सगळे पर्याय शेजारी शेजारी चालवून पाहिले होते, त्यात पेट्रोल-इलेक्ट्रिकही होतं. जिंकले विल्सनचे एपिसायक्लिक गिअर (मधल्या चाकाभोवती छोटी दातेरी चाकं फिरणारे). तेच विल्सन टॉगच्या समितीत! पुढे पोर्शेने फर्डिनांडला वीज दिली, त्या मोटरींनी ढीगभर तांबं गिळलं. अमेरिकेने विजेवरच्या टी-२३ चे अडीचशे गाडे बांधले आणि लढाईत एकही उतरवला नाही. चर्चिलमधला मेरिट-ब्राउन गिअरबॉक्स बघा. आतल्या पट्ट्याची अडवलेली शक्ती बाहेरच्याला मिळते, न्यूट्रलमध्ये गाडा जागच्या जागी फिरतो. १९६५ च्या भारत-पाक युद्धात फिल्लौऱ्याला लढलेल्या पूना हॉर्स रेजिमेंटच्या सेंच्युरियन रणगाड्यांमध्येही मेरिट-ब्राउनच होता.

स्वाती ना.:
तुम्ही दोघं गिअरबॉक्सवर भांडताय, आणि टॉगचा खरा रोग भूमितीत आहे. जमिनीला टेकलेली पट्ट्याची लांबी भागिले दोन पट्ट्यांच्या मध्यांतलं अंतर. हे साधारण १.२ ते १.८ असावं. त्याखाली गाडा सरळ राहत नाही, त्यावर वळत नाही. दहा मीटर लांब आणि जेमतेम ३.१ मीटर रुंद गाड्याला ते दीडवर आणणं अशक्य. वीज घाला, मेरिट-ब्राउन घाला, वळताना पट्ट्यांना माती आडवी खरवडावी लागणारच. खुद्द समितीलाही ते पटलं असावं, नाहीतर सहा फूट आखूड 'टॉग-२ आर' चा विचार कशाला झाला असता? तो बांधला मात्र नाही.

शेडवाला:
भूमितीचं मान्य. तो दोष विजेचा नव्हे, एवढं मात्र लिहून ठेवा.

तोफखाना:
धागा माझा आणि तोफेवर कोणी बोलायला तयार नाही. लांबीची चूक मान्य करतो, ती १९४१ मध्येच कापायला हवी होती. पण १७ पौंडीला मोठी टरेट रिंग (टरेट ज्यावर फिरतं ते कडं) लागते, आणि चॅलेंजर ज्याच्यावरून केला त्या क्रॉमवेल रणगाड्यात तेवढी जागाच नव्हती. चॅलेंजर करताना हल (रणगाड्याचं खालचं अंग) लांबवून प्रत्येक बाजूला सहावं चाक घालावं लागलं, तरी निघाले फक्त २००. टॉगच्या अवाढव्य अंगावर ती तोफ, तिची लांब काडतुसं आणि विजेवर फिरणारं टरेट आधी बसवून पाहता आलं.

गिअरपेटी:
टरेटपुरतं मान्य. पण टरेट तपासायला ८० टनांचा चालता गाडा लागत नाही. कारखान्यात जमिनीवर एक रिंग बसवून तेच काम झालं असतं.

तोफखाना:
नाही झालं असतं. जमिनीवरची रिंग तिरकी होत नाही. गाडा उतारावर कलला की जड टरेटचा तोल एका बाजूला जातो आणि फिरवणारी मोटर तिथेच कमी पडते. ते उतारावर उभ्या केलेल्या गाड्यातच कळतं.