ग्रुपला गट म्हणायचं की जुडी? आणि स्क्रोल केलं की नक्की काय सरकतं?

यावलकर मास्तर:
सुट्टीत पोरांना अ‍ॅप इन्व्हेंटर शिकवतो मी, तेच ते गूगलनं २०१० साली आणलेलं आणि पुढे एमआयटीकडे गेलेलं, ठोकळ्याला ठोकळा जोडायचा आणि मोबाईलचं अ‍ॅप तयार. त्याची मराठी नोट लिहायला बसलोय आणि दोन शब्दांवर गाडी अडलीय, ग्रुप आणि स्क्रोल.

त्यात बटनं, लेबलं वगैरे एकत्र ठेवायला अरेंजमेंट नावाची चौकट मिळते. आडवी असते, उभी असते, आणि माल जास्त झाला तर आतल्या आत सरकणारी पण असते, तिला व्हर्टिकल स्क्रोल अरेंजमेंट म्हणतात. मी नोटमध्ये आपलं लिहून टाकलं, "गट निवडा आणि संपादित करा". आता सातवीतलं एक पोरगं, घरचा केळीचा बाग आहे, गाड्यांची नोंद ठेवायचं अ‍ॅप करत होतं, एकेका गाडीचं एकेक बटन अशी १२ बटनं एका चौकटीत. त्याला फक्त तिसऱ्या बटनावरचं नाव बदलायचं होतं. पण नोटमध्ये गट निवडा लिहिलंय म्हणून त्यानं गट निवडला, म्हणजे अख्खी चौकटच, आणि रंग बदलला तर मागची सगळी पाटी पिवळी झाली, मग वैतागून डिलीट. खरंच काढू का असं विचारलं तर हो दाबलं. मी दुसऱ्या बाकावर होतो, मागून आवाज आला, "सर, सम्दं कथा गयं?", म्हणजे सगळं गेलं कुठे.

चूक त्याची नाही हो, माझ्या 'गट'ची आहे. सुचवा काहीतरी.

धुळेकर ताई:
गट म्हटलं की आमच्या डोक्यात आधी सातबाऱ्यावरचा गट नंबर येतो नाहीतर बचत गट. शिवाय गटातून एक बाई कमी झाली तर गट राहतो आणि गट मोडला तरी बाया आपापल्या घरी सुखरूप असतात, तुमच्या पोराच्या बटनांचं तसं नाही झालं ना. 'संच' करून बघा. 'समूह' मात्र नको, त्याला निबंधाचा वास येतो.

जिनिंगवाला आप्पा:
मास्तर, तुमचं दुखणं फार जुनं आहे. मी व्हिज्युअल बेसिक ६ (व्हीबी) मध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं ते प्रोग्राम लिहायचं साधन, १९९८ चं व्हर्जन, एका जिनिंगसाठी कापसाचा हिशोब लिहिला होता. फॉर्मवर, म्हणजे प्रोग्रामच्या खिडकीवर, दोन जोड्या गोल बटनं होती, रोख-उधार आणि क्विंटल-किलो. मी आधी चारी बटनं फॉर्मवर काढली, मग दोन फ्रेम काढल्या, आणि बटनं उचलून फ्रेमवर नेऊन ठेवली, दिसायला एकदम झकास. तिसऱ्या दिवशी मुनीमजींचा फोन, "अरे भो, उधार दाबलं की तुझं मशीन क्विंटल इसरतं!"

झालं असं होतं की त्या व्हीबीत बाहेर काढलेलं बटन ओढून फ्रेमवर ठेवलं तरी ते फ्रेमच्या आत जात नाही, नुसतं वर बसतं. मालक त्याचा फॉर्मच राहतो. मग चारी गोल बटनं एकाच फॉर्मची लेकरं, आणि एका घरातलं एकच गोल बटन चालू राहू शकतं, म्हणून उधार दाबलं की क्विंटल गुल. इलाज सोपा होता पण मला दोन दिवस लागले, बटनं कट करायची, फ्रेमवर क्लिक करायचं आणि तिथे पेस्ट करायची. पेस्ट झाल्यावर ती सगळी डाव्या कोपऱ्यात येऊन पडायची ते वेगळंच, परत मांडत बसा.

तेव्हापासून मी पोरांना सांगतो की ओट्यावर बसलेला आणि घरात राहणारा यात फरक आहे. घर हललं की घरातला सोबत जातो, ओट्यावरचा तिथेच.

यावलकर मास्तर:
आप्पा, हे लाख मोलाचं बोललात. म्हणजे एका 'ग्रुप' शब्दात दोन गोष्टी कोंबल्यात आपण. चित्राच्या सॉफ्टवेअरमध्ये चार वस्तू निवडून ग्रुप केल्या की ती दोरी बांधलेली कोथिंबिरीची जुडी, दोरी सोडली की काड्या मोकळ्या, जात कुठेच नाहीत. आणि अरेंजमेंट किंवा फ्रेम म्हणजे भांडं, भांडं फेकलं की आतलं पण गेलं. मी पहिल्याला जुडी म्हणतो आणि दुसऱ्याला टोपली.

धुळेकर ताई:
जुडी छान आहे. मोळी पण चालली असती पण मोळीतून एक लाकूड ओढलं की बाकीची ढिली पडतात, तसं कॉम्प्युटरात होत नाही. टोपली नको, साधं चौकट म्हणा, पडद्यावर दिसते पण चौकटच. आणि 'संपादित करा' तेवढं काढा, पोरं घरात असं बोलतात का? आतलं बदलायचं तर "चौकटीच्या आत शिरा आणि बदला". लिब्रेऑफिसच्या ड्रॉ नावाच्या चित्राच्या सॉफ्टवेअरमध्ये जुडीत शिरायला एफ३ आहे, बाहेर यायला कंट्रोल एफ३. शिरणे हे क्रियापद आपल्याकडे आयतं आहे, वापरा की.

भुसावळवाला:
आणि स्क्रोलचं काय ते राहूनच गेलं. माझ्या मते 'सरकवा' एवढंच लिहिलं तर पोरगं विचारणार काय सरकवू. माऊसनं स्क्रोलबारची पट्टी खाली ओढली की मजकूर वर जातो. मोबाईलवर बोट वर नेलं की मजकूर वर. अ‍ॅपलनं मॅकच्या २०११ च्या लायन व्हर्जनमध्ये ट्रॅकपॅडची दिशा उलटी करून टाकली तेव्हा आमच्या ऑफिसात आठवडाभर लोक उलटंपालटं करत होते. शब्द एकच, हात तीनदा वेगळा चालतो.

जिनिंगवाला आप्पा:
व्हीबी ६ च्या फ्रेमला तर स्क्रोलच नव्हता, त्यामुळे मला ते आतून करावं लागलं. एक पिक्चर बॉक्स घ्यायचा, त्याच्या आत दुसरा लांबुळका पिक्चर बॉक्स, सगळी बटनं त्या आतल्यावर, आणि बाजूला एक उभा स्क्रोलबार. मग आतल्याचं टॉप, म्हणजे वरच्या काठाची जागा, बरोबर उणे स्क्रोलबारची व्हॅल्यू, एवढी एक ओळ. पट्टी ३०० वर गेली की आतलं उणे ३०० वर, म्हणजे तितकंच वर सरकतं आणि बाहेरच्या चौकटीच्या काठानं कापलं जातं. तो उणे विसरलो तर माल पट्टीसोबतच खाली पळायचा.

आता ज्यानं मोट पाहिली आहे त्याला हे सांगावं लागत नाही. बैल धावेवरून खाली उतरतात आणि मोट वर येते. पट्टी म्हणजे बैल.

भुसावळवाला:
आप्पा, मोट पाहिलेला सातवीतला पोरगा आणा कुठून आता, सगळीकडे मोटर आहे 😄 पण उदाहरण जबरी. मी तर म्हणतो स्क्रोल स्क्रोलच राहू द्या, चहावाल्याला पण कळतं, नोटमध्ये फक्त काय हलतं ते लिहा. "खालची बटनं दिसेपर्यंत बोट वर न्या." खल्लास.

यावलकर मास्तर:
पटलं. आतापर्यंत असं ठरलंय, दोरीवाल्याला जुडी, भांडेवाल्याला चौकट, स्क्रोल तसाच. पण एक पोट-अडचण आहे. चौकटीत चौकट आली की काय म्हणू? त्याच पोरानं आता नव्यानं बनवताना एका सरकत्या चौकटीत चार आडव्या चौकटी टाकल्यात आणि प्रत्येकीत तीन बटनं. बाजूच्या यादीत ते पायऱ्यापायऱ्यांनी आत सरकलेलं दिसतं, स्क्रीन, मग चौकट, मग चौकट, मग बटन. तोच मला म्हणाला, सर हे तर घडासारखं आहे, केळं फणीत, फणी घडात, घड कापला की फण्या आल्याच सोबत. मी गप्पच झालो. म्हणजे बाहेरची ती घड आणि आतली ती फणी, लिहू का असं?

धुळेकर ताई:
रावेर-यावलला लिहा खुशाल. आमच्याकडे फणी म्हणजे उवा काढायची.

यावलकर मास्तर:
😂 बरं ताई, मग नोटमध्ये "बाहेरची चौकट, आतली चौकट", आणि घड-फणी फळ्यावर. डिलीट दाबायच्या आधी बाजूच्या यादीत कोणती ओळ निवडली आहे ते बघा, हे एक वाक्य मात्र जाड अक्षरात टाकतोय.