फुप्फुसात मुक्कामी असणाऱ्या टी पेशी इन्फ्लुएन्झाला कशा रोखतात?

जिज्ञासू_२७: इन्फ्लुएन्झाच्या विषाणूचे बाह्यरूप सतत बदलत असल्याने जुनी प्रतिपिंडे अपुरी पडतात, हे मला समजते. मात्र पूर्वी फ्लू होऊन गेलेल्यांना नव्या उपप्रकारापासूनही काही संरक्षण मिळते व त्यात फुप्फुसातील ‘निवासी’ टी पेशींचा (रोगप्रतिकार करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा) वाटा असतो, असे वाचले. त्या रक्तातील टी पेशींहून वेगळ्या कशा?

पेशीवेडा: टी पेशी सुटा विषाणू ओळखत नाही, बाधित पेशीने आपल्या पृष्ठभागावर मांडलेला विषाणूच्या प्रथिनाचा तुकडा ती ओळखते. (कॅनबेरा येथील याच शोधासाठी डोहर्टी आणि झिंकरनागेल या शास्त्रज्ञांना १९९६चे नोबेल मिळाले.) हे तुकडे बहुधा विषाणूच्या अंतर्भागातील, फारशा न बदलणाऱ्या प्रथिनांचे असल्यामुळे बाह्यरूप बदलले तरी ओळख टिकते. पहिल्या संसर्गात लसीका ग्रंथींत तयार होऊन फुप्फुसात पोहोचायला या पेशींना काही दिवस लागतात. संसर्ग ओसरल्यावर त्यांतील काही तेथेच राहतात (याच ‘निवासी’ पेशी) आणि पुढच्या वेळी काही तासांतच इंटरफेरॉन-गॅमा हे संदेशवाहक प्रथिन सोडून शेजारच्या पेशींना सावध करतात, तर परफोरिन व ग्रॅन्झाइम या मारक प्रथिनांच्या साहाय्याने बाधित पेशी नष्ट करतात. प्रयोगात दोन उंदरांचा रक्तप्रवाह जोडला, तरी या पेशी एकाकडून दुसऱ्याकडे जात नाहीत. म्हणूनच साध्या रक्ततपासणीतून त्यांचा अंदाज येत नाही.

सावधवाचक: वरील उत्तरात एक भर घालतो. उंदरांच्या फुप्फुसातील या पेशी काही महिन्यांतच घटतात, त्वचेतील मात्र पुष्कळ काळ टिकतात. माणसाबाबत चित्र बरे असावे, कारण प्रत्यारोपित फुप्फुसात दात्याच्या टी पेशी वर्षभरानंतरही आढळल्या आहेत. शिवाय प्रतिसाद अतिरेकी झाला, तर वायुकोशाची नाजूक भिंतच जखमी होते.

जिज्ञासू_२७: मग दंडातील इंजेक्शनाऐवजी नाकातून लस द्यावी का?

पेशीवेडा: कल्पना तर्कशुद्ध आहे, कारण दंडात दिलेल्या निष्क्रिय (मारलेल्या विषाणूच्या) लसीमुळे रक्तात प्रतिपिंडे तयार झाली, तरी फुप्फुसात निवासी पेशी फारशा तयार होत नाहीत. स्वाइन फ्लूच्या साथीनंतर २०१०मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने नाकावाटे द्यायची लस आणली होती. परंतु अशा लसीतील दुर्बल केलेला विषाणू नाकाच्या थंडाव्यात वाढतो, फुप्फुसाच्या उबेत नीट वाढत नाही. त्यामुळे उंदरांवरील उत्साहवर्धक निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावणे मला घाईचे वाटते.