मातीतून निघालेल्या बाटल्या: आतला पांढुरका थर कसा घालवावा?

खणती: घराच्या मागे खणताना बऱ्याच जुन्या बाटल्या निघाल्या. एक गोटी सोड्याची, एक छोटी गडद निळी, अंगावर उभ्या रेघा असलेली, बाकीच्या फिकट हिरव्या. माती कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाने निघाली. हिरव्यांना आतून धुरकट पांढरा थर आहे, तो रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवूनही हलला नाही. एकाने ॲसिड सुचवलंय. वापरू का?

काचवेडा: ॲसिडच्या नादी लागू नका. काच खाणारं हायड्रोफ्लोरिक ॲसिड माणसालाही हाडापर्यंत इजा करतं. आधी बाटलीत पाणी भरून बघा. ओली असताना काच स्वच्छ दिसली आणि वाळल्यावर धुरकटपणा परत आला, तर तो मळ नाही. ओलाव्यामुळे काचेच्या मिश्रणातला सोडा हा घटक झिरपून जातो आणि पृष्ठभागच झिजतो. क्षारांचा थर असता तर व्हिनेगरने थोडा तरी सुटला असता. झिजलेल्या काचेला पॉलिश हाच उपाय. त्यासाठी बाटली तांब्याच्या तारेचे बारीक तुकडे, पाणी आणि सिरियम ऑक्साइडची (काच चकाकवणारी) पावडर घालून यंत्रावर कित्येक दिवस फिरवत ठेवतात. त्यात काच घासली जाते, उठावाची अक्षरं बोथट होऊ शकतात. दुर्मीळ बाटलीवर मी तरी हे करणार नाही.

रिकामी_बरणी: त्या निळीकडे आधी बघा! रेघावाली निळी म्हणजे बहुधा विषाची. अंधारातही हाताला कळावं म्हणून तशा बनवत. आत काही वाळलेलं असेल तर हातमोजे घाला, वास घेऊ नका आणि स्वयंपाकघरात तर मुळीच धुऊ नका.

काचवेडा: +१, हे माझ्याकडून राहिलंच.

जोडरेघ: वय काढायचं तर साच्याची रेघ, म्हणजे साच्याचे भाग जुळतात तिथे काचेवर उठणारी रेघ, बघा. ती ओठाखालीच थांबली तर तोंड बहुधा हाताने घडवलेलं. ओठावरून थेट वरपर्यंत गेली तर बहुतेक यंत्राची, म्हणजे विसाव्या शतकातली. ओवेन्सचं बाटल्या बनवणारं स्वयंचलित यंत्र १९०३ च्या सुमाराचं. गोटीची बाटली हायरम कॉडच्या १८७० च्या दशकातल्या पेटंटची, पण ती पुढेही बनत राहिली, त्यामुळे नुसत्या गोटीवरून वय सांगता येत नाही. आणि कुठे इंद्रधनुष्यासारखी झाक असेल तर ती घासू नका. काहीजण ती घालवतात, मला तो करंटेपणा वाटतो.

खणती: पाणी भरलं की हिरव्या लख्ख दिसतात! म्हणजे झीजच. तशाच ठेवते. निळी रिकामी आहे, तरी हातमोजे घालूनच धुईन. गोटीच्या बाटलीत कच्चे तांदूळ घालून हलवले तर चालेल?

जोडरेघ: साध्या बाटलीला चालतं, पण हिची मान चिमटा काढल्यासारखी आत दबलेली असते, तिथे दाणे अडकतात. लवचिक तारेचा बारीक ब्रश घ्या. मानेतलं रबर अजून असेल तर ते ओढू नका. आणि पाणी कोमटच, गार काचेवर उकळतं ओतलंत की तडा.