एकाच टेबलावर चार ऊलोंग: तुलना नेमकी कशाची करावी?

अंत्रूजवासी, फोंडा

फोंडा आणि मडगाव परिसरातील आम्ही काही चहाप्रेमी अधूनमधून एकत्र बसून बिनदुधाचे, बिनसाखरेचे चहा चाखतो आणि सध्या आमचा सारा भर ऊलोंगवर, म्हणजे हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधल्या प्रकारावर, आहे. मागच्या बैठकीत चार चहा समोर होते: चीनमधील अन्शीचा हिरवट तिएग्वानयिन, तैवानचा भाजका दोंग दिंग, चीनच्याच वुई पर्वताचा दा होंग पाओ आणि तैवानचाच ओरिएंटल ब्युटी. सर्वांना सारखी वागणूक मिळाली तरच तुलना न्याय्य ठरेल, या विचाराने प्रत्येकी ५ ग्रॅम पत्ती, एकाच मापाच्या झाकणवाट्या, उकळते पाणी आणि वीस सेकंद असा नियम आम्ही केला. त्याच पत्तीवर पुन्हा पुन्हा पाणी ओतून चहा करता येतो, पण आम्ही पहिल्या पाण्यावरच गुण दिले.

निकाल गोंधळात टाकणारा निघाला. दा होंग पाओ एकमताने पहिला आला, तिएग्वानयिन पाण्यासारखा पातळ वाटला, दोंग दिंगमध्ये भाजका वास सोडून फारसे काही जाणवले नाही, आणि ओरिएंटल ब्युटी शेवटी आल्यामुळे की काय, त्याच्याविषयी कोणालाच धड बोलता येईना. पुढे मडगावच्या सदस्याने हेच चहा घरच्या विहिरीच्या पाण्यावर केले, तेव्हा त्यांच्या घरच्यांनी तिएग्वानयिनला पहिला क्रमांक दिला.

माझी विचारणा अशी आहे की, सर्व ऊलोंगांना एकच पद्धत लावणे योग्य की प्रत्येकाला त्याच्या प्रकृतीनुसार वेगळी? आणि वर्णनाचे काय करावे? पाकिटांवर ऑर्किड, पीच, खडकाचा स्वाद असे लिहिलेले असते, पण आमच्यापैकी कोणीही ऑर्किड जवळून हुंगलेले नाही, त्यामुळे आमच्या टिपणवह्यांत ‘छान’, ‘सौम्य’ आणि ‘कडक’ या तीन शब्दांपलीकडे काही जमा होत नाही.

मांडवीकाठ, पणजी

आपल्या पद्धतीत शिस्त आहे, मात्र पानाचा आकार तिच्यातून निसटला आहे. अन्शीचा तिएग्वानयिन आणि दोंग दिंग हे दोन्ही गोळीबंद चहा आहेत; पाने कापडात घट्ट बांधून पुन्हा पुन्हा मळल्यामुळे त्यांची गोळी होते आणि वीस सेकंदांत ती जेमतेम भिजते. वुईचा चहा आणि ओरिएंटल ब्युटी लांब, सुट्या पानांचे असल्याने पहिल्याच पाण्यात मोकळे होतात. पहिल्या पाण्यावर गुण देताना आपण उमललेले पान आणि मिटलेली गोळी यांना एकाच रांगेत उभे केले. दोंग दिंगच्या बाबतीत तर पृष्ठभागावरचा भाजका वास आधी सुटतो आणि पानाच्या आतला गोडवा दुसऱ्या-तिसऱ्या पाण्यात येतो, म्हणून आपल्याला जे जाणवले ते चुकीचे नव्हते, फक्त अपुरे होते.

आता मूळ प्रश्न. पद्धत एकच असावी की वेगवेगळी, याचे उत्तर आपण कशासाठी चाखत आहात यावर ठरते. पत्तीची प्रत तपासायची असेल तर पद्धत एकच हवी आणि ती थोडी निर्दयही हवी. आयएसओ ३१०३ या आंतरराष्ट्रीय मानकात १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम पत्ती आणि ६ मिनिटे असे प्रमाण आहे. त्यातून मिळणारा पेला पिण्यास सुखद असतोच असे नाही; कोणीही, कोठेही केला तरी तोच पेला मिळावा एवढाच त्या मानकाचा हेतू आहे. (ज्या ब्रिटिश मानकावर ते आधारलेले आहे, त्याच्या सहा पानी विवरणाला १९९९ साली साहित्याचे विनोदी इग्नोबेल मिळाले होते, हे जाता जाता सांगतो.) चीनमध्ये ऊलोंगच्या परीक्षणासाठी ११० मिलिलिटरची झाकणवाटी, ५ ग्रॅम पत्ती आणि अनुक्रमे २, ३ व ५ मिनिटांची तीन पाणी अशी रीत आहे. मला ऊलोंगसाठी हीच अधिक पटते, कारण दोन मिनिटांत गोळीलाही उमलायला वाव मिळतो आणि तिसऱ्या पाण्यात कोणता चहा टिकतो व कोणता ढेपाळतो हे उघड होते. इतका वेळ मुरल्यावर कच्चा राहिलेला चहा हिरवट कडू लागतो, आणि घाईने तीव्र आचेवर भाजलेल्या चहातून कोळशाखेरीज काहीच उरत नाही.

आनंदासाठी चाखायचे असेल, तर प्रत्येक चहाला त्याचा वेळ द्यावा. गोळीबंद चहाचे पहिले पाणी ४५ ते ६० सेकंद ठेवावे, वुईच्या चहाचे १० ते १५. या दोन बैठका एकाच दिवशी घेऊ नयेत.

साष्टीकर

वरील उत्तराशी बव्हंशी सहमत आहे, परंतु वेळ आणि वजन दुरुस्त केल्याने आपला प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही. अन्नपरीक्षणाशी कामानिमित्त संबंध येत असल्याने दोन गोष्टी मला अधिक खटकल्या.

पहिली म्हणजे नावे उघड होती. दा होंग पाओ हे नाव समोर असताना निःपक्षपाती राहणे कठीण आहे. वुईमधील जिउलोंगखे येथील खडकावरची सहा मूळ झुडपे, त्यांच्याभोवतीच्या दंतकथा आणि किमतीच्या बातम्या सर्वांनी ऐकलेल्या असतात. त्या झुडपांची खुडणी २००६ पासून बंद आहे आणि आपल्या हाती येणारा दा होंग पाओ बहुधा रौ ग्वेई, श्वेई शियान अशा वुईच्याच वाणांचे मिश्रण असतो. ते मिश्रण उत्तम असू शकते, पण त्याला गुण देताना जीभ आणि कीर्ती वेगळ्या ठेवाव्या लागतात. वाट्यांना तीन आकडी सांकेतिक क्रमांक द्या आणि चहा करणाऱ्याने त्या बैठकीत गुण देऊ नयेत.

दुसरी म्हणजे क्रम. भाजक्या चहानंतर हिरवट चहा फिका लागतो, म्हणून हलक्याकडून भारदस्ताकडे जावे असे सर्वत्र सांगितले जाते. परंतु क्रम नेहमी तोच राहिला तर शेवटचा चहा थकलेल्या जिभेच्या वाट्याला येतो. सर्वांसाठी चहा एका मोठ्या भांड्यात गाळून घ्यावा, कोमट होऊ द्यावा आणि प्रत्येक सदस्याने वेगळ्या क्रमाने चाखावा. ६५ अंशांहून अधिक गरम पेय नेहमी पिणे आरोग्यालाही बरे नाही, आणि चटका बसलेल्या जिभेला सूक्ष्म फरक कळत नाहीत. चाखण्यापूर्वी दोन तास तरी हुमण (माशाची आमटी), सोलकढी आणि विडा टाळावा. कोकमाचा आंबटपणा आणि तिरफळाची झिणझिणी यांच्यानंतर कोणताही ऊलोंग बिचारा वाटतो.

पसंती विचारण्याआधी फरक ओळखता येतो का, हे तपासणे मला अधिक प्रामाणिक वाटते. तीन पेले ठेवावेत, दोन एकाच चहाचे आणि एक वेगळा, आणि वेगळा कोणता ते ओळखायला सांगावे. नुसत्या अंदाजानेही सरासरी तिघांतला एक बरोबर येतोच. सहा जणांनी एकेकदा ओळखले आणि चौघे बरोबर आले, तरी नुसत्या अंदाजाने एवढे जमण्याची शक्यता साधारण दहा टक्के असते. पाच जण बरोबर आले तर ती दोन टक्क्यांच्याही खाली जाते. आलीशान या तैवानी ऊलोंगची दोन वेगवेगळ्या किमतींची पाकिटे घेऊन हा प्रयोग जरूर करा. काही पाकिटांचा खर्च त्यातून वाचेल.

मडगावच्या विहिरीने उलटवलेला निकाल मला मुळीच आश्चर्याचा वाटला नाही. जांभ्याच्या पट्ट्यातील विहिरींचे पाणी सहसा मृदू आणि किंचित आम्लधर्मी असते, आणि अशा पाण्यात हिरवट ऊलोंगचा सुगंध मोकळा होतो. फोंड्याला ओपा येथील केंद्रात शुद्ध केलेले पाणी येते आणि त्यात क्लोरीनचा अंश राहिला असेल तर त्याचा पहिला फटका अशाच नाजूक चहाला बसतो. भाजका चहा तो वास पोटात घालतो. याउलट खाजणाजवळच्या विहिरीचे पाणी मचूळ असते, त्याच्यावर कोणताही चहा जोखू नये. आर.ओ. यंत्रातून क्षार पार काढलेले पाणीही चहाला सपाट करते. एकच कमी क्षारांचे पाणी ठरवून सर्व बैठकांना तेच वापरा. एक सोय आपल्याकडे आहेच: समुद्रसपाटीला पाणी पुरत्या १०० अंशांवर उकळते, जे दार्जिलिंगच्या उंचीवर होत नाही.

सुरंगीचा वळेसर, पेडणे

मापे आणि मानके यांवर वर पुरेसे लिहून झाले आहे. मला वाटते, आपल्या चार चहांची निवडच तुलनेच्या दृष्टीने अवघड होती. वाण वेगळे, प्रदेश वेगळे, ऑक्सिडीकरण (हवेशी संयोग होऊन पान काळपट होणे) वेगळे, भाजणी वेगळी. अशा वेळी आवडनिवड सांगता येते, पण तिच्यामागचे कारण सांगता येत नाही. एका बैठकीत एकच गोष्ट बदलावी. तैवानचे छिंग शिन हे वाण यासाठी फार सोयीचे आहे, कारण बाओजोंग, आलीशान आणि दोंग दिंग हे तिन्ही बहुधा त्याच वाणापासून होतात. बाओजोंगचे ऑक्सिडीकरण अगदी अल्प आणि पान सुटे. आलीशान हजार मीटरहून उंच मळ्यांवरचा, गोळीबंद आणि हिरवट. पारंपरिक पद्धतीचा दोंग दिंग अधिक ऑक्सिडीकृत आणि भाजलेला. हे तीन शेजारी ठेवले की माणसाच्या हाताने पानाचे काय होते ते जिभेवर उलगडत जाते. मात्र ओरिएंटल ब्युटीसाठी तैवानच्या शिंचू भागाकडे वापरले जाणारे छिंग शिन दा पान हे निराळे वाण आहे, तेव्हा नावाच्या साम्यावर विसंबू नये.

दुसरी बैठक तिएग्वानयिनचीच घ्या. आज बाजारात दिसणारा हिरवागार, फुलासारखा सुवास देणारा अन्शीचा प्रकार गेल्या काही दशकांत रूढ झाला; जुन्या रीतीचा तिएग्वानयिन भाजलेला असतो, आणि तैवानची राजधानी तैपेईमधल्या मूचा भागातील तर चांगलाच गडद. एकाच वाणाची ही दोन रूपे चाखल्यावर ‘मला तिएग्वानयिन आवडत नाही’ असे विधान कोणी सहजासहजी करणार नाही.

आता शब्दांविषयी. ऑर्किड सोडून द्या. चाखण्यापूर्वी झाकणाच्या लहान बाटल्यांत आपल्या ओळखीचे वास ठेवा: मोगऱ्याची कळी, सुरंगीचा वाळलेला गजरा, बकुळीची फुले, भाजलेली काजूबी, माडाचा गूळ, पिकलेला पेरू. चहाचा घोट घ्यावा, बाटली हुंगावी, जुळते का ते पाहावे. परीक्षकांच्या प्रशिक्षणातही संदर्भासाठी प्रत्यक्ष वास ठेवतात, त्यामुळे यात गावठी असे काही नाही. हिरवट ऊलोंगमध्ये मोगरा आठवणे ही निव्वळ कविकल्पनाही नव्हे. खुडलेली पाने वारंवार हलवून, घुसळून त्यांच्या कडा दुखावल्या जातात तेव्हा इंडोल, नेरोलिडॉल यांसारखी सुगंधी द्रव्ये वाढतात आणि इंडोल जाई-मोगऱ्याच्या सुवासातही असते. भाजक्या चहातील काजूबीसारखा वास आचेवर तयार होणाऱ्या पायराझिन द्रव्यांचा.

ओरिएंटल ब्युटीचा मध वेगळ्याच वाटेने येतो. उन्हाळ्यात हिरवे तुडतुडे कोवळ्या पानांतील रस शोषतात, झाड त्याला प्रतिकार म्हणून सुगंधी द्रव्ये निर्माण करते आणि शेतकरी त्या मळ्यावर कीटकनाशक मारत नाही, कारण तुडतुडे गेले तर चहाच गेला. मला स्वतःला या चहात आणि चीनच्या ग्वांगदोंग प्रांतातील मी लान श्यांग दानत्सोंग या ऊलोंगमध्ये सुरंगी हमखास सापडते. सर्वांना सापडेल असा माझा आग्रह नाही.

घोट घेताना मात्र भिडस्तपणा नको. आवाज करून भुरका मारला की हवा आत जाते आणि वास घशामागून नाकात पोहोचतो. गिळल्यानंतर मिनिटभर थांबून, घशात गोडवा परत येतो की तुरटपणा जिभेला चिकटून राहतो, याची नोंद वेगळ्या रकान्यात करावी. वुईच्या चहाचे जे ‘खडकाचे’ वैशिष्ट्य सांगतात ते वासापेक्षा या रकान्यातच शोधावे.

अंत्रूजवासी, फोंडा

तिन्ही उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. पुढील बैठक छिंग शिनच्या तीन चहांची, सांकेतिक क्रमांकांसह आणि एकाच पाण्यावर घेण्याचे आम्ही निश्चित केले आहे. दोन उपप्रश्न आहेत. ‘मिल्क ऊलोंग’ नावाने मिळणारा चहा या रांगेत बसवावा का? आणि पावसाळा तोंडावर आला आहे, तर उघडलेली पाकिटे कशी सांभाळावीत?

मांडवीकाठ, पणजी

मिल्क ऊलोंगला या बैठकीत घेऊ नये. हे नाव ज्याच्याशी जोडले जाते ते जिन श्वान हे तैवानच्या चहा संशोधन केंद्राने १९८१ साली प्रसृत केलेले वाण आहे आणि त्याला मुळातच किंचित लोण्यासारखी स्निग्धता असते. पण मिल्क ऊलोंग या नावाखाली विकला जाणारा बराच माल वरून सुगंध दिलेला असतो. कोरडी पत्तीच मिठाईच्या डब्यासारखी घमघमत असेल आणि तिसऱ्या पाण्यात तो वास पार नाहीसा होत असेल, तर काय ते समजावे. सुगंधित चहाचा वास झाकणवाटीलाही लागतो.

साठवणीत आपल्याकडचा खरा शत्रू म्हणजे दमट हवा. जून ते सप्टेंबर या काळात डबा वारंवार उघडला की पत्ती सादळते. मोठे पाकीट कोरड्या दिवशी लहान, हवाबंद पुड्यांत वाटून ठेवावे. हिरवट तिएग्वानयिन आणि आलीशान यांच्या न उघडलेल्या निर्वात पुड्या फ्रिजमध्ये ठेवता येतात, मात्र बाहेर काढल्यावर त्या खोलीच्या तापमानाला येईपर्यंत फोडू नयेत, नाहीतर थंड पत्तीवर दव धरते. ज्या फ्रिजमध्ये सुके बांगडे आहेत, तेथे उघडी पुडी ठेवण्याचा विचारही करू नये. भाजलेला दोंग दिंग आणि वुईचे चहा घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, चुलीपासून दूर, बाहेरच बरे. ते थोडे सादळले तर तेल-मसाल्याचा वास न लागलेल्या कोरड्या भांड्यात अतिमंद आचेवर, पत्ती सतत हलवत शेकून घेता येतात. त्यानंतर काही दिवस डब्यात मुरू द्यावे, कारण नुकत्या शेकलेल्या चहात आचेचा वास वरचढ असतो आणि त्यावर गुण देण्यात अर्थ नाही. हिरवट चहाला हा उपचार लागू पडत नाही, तो शेकला की त्याची जातच बदलते. ओरिएंटल ब्युटीचे पाकीट फोडलेले असेल तर ते पहिल्या पावसाआधीच पिऊन टाकावे.